सिद्धगडचा गोळीबार व एका पक्षाचा करीना

(१) म्हसा हें गांव ठाणें जिल्ह्यांत मुरबाड तालुक्यांत, मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. पौषी पौर्णिमेस तेथें म्हसोबाची यात्रा भरते व तिच्याबरोबर गुरांचा मोठा बाजार लागतो. मुरबाड, शहापूर, कर्जत या बाजूंचे शेतकरी, ठाकूर व कातकरी या निमित्तानें एकत्र येतात. म्हशाहून सह्याद्रीच्या अंगास निघालें म्हणजे नारिवलीच्या पलीकडे, भीमाशंकरच्या रांगेस लागून, सिद्धगडचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याच्या रानांत शके १८६४ च्या मार्गशीर्ष वद्यपक्षांत, म्हणजे शनिवार ता. २ जानेवारी १९४३ रोजीं पहाटे, पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल व हिराजी पाटील हे दोघे मरण पावले.

प्रस्तुत लेखाचा विषय सिद्धगडचा किल्ला नाहीं, व कोतवालांचें चरित्रहि नाहीं. राज्यसत्तेनें प्रजेवर शस्त्र चालविलें आणि त्याच वेळीं तें पाहून लिहिणाऱ्याची लेखणीहि बांधून ठेविली, तर पुढील संशोधकाच्या हातीं कोणतीं साधनें उरतात, व तीं त्यानें कशीं वाचावींत, एवढाच प्रश्न येथें घेतला आहे. प्रश्न जुना दिसला तरी त्याचा आजच्या नागरिकाशीं निकट संबंध आहे, तो शेवटीं दाखविण्यांत येईल.

(२) जुन्या दप्तरांशीं परिचय असलेल्या वाचकांस निवाडपत्रांची रीत सांगावयास नको. वतनाचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिला म्हणजे गोतसभेपुढें दोन्ही वाद्यांकडून करीने लिहून घेत, दोघांकडून जामीन घेत, साक्षी-पुरावा पाहात, आणि मग महजर होई. महजरांत हरलेल्या पक्षाचा करीनाहि लिहिला जात असे. त्यामुळें आज दोनतीनशें वर्षांनीं आपणांस निवाडा मान्य नसला तरी तो कोणत्या आधारावर झाला हें कळतें, व हरलेल्याचें म्हणणें काय होतें हेंहि कळतें. ज्या कागदांत एकाच पक्षाचा करीना आहे, त्यास आपण निवाडपत्र म्हणत नाहीं. तो एका वाद्याचा अर्ज, एवढीच त्याची किंमत.

सरकारी शस्त्रानें माणूस मेला असतां नेमकी हीच अडचण येते. गोळी झाडणारा पक्ष व अहवाल लिहिणारा पक्ष एकच असतो. दुसरा पक्ष मेलेला असतो, किंवा फरारी असतो, किंवा तुरुंगांत असतो. तिसरा म्हणजे त्रयस्थ साक्षीदार. आणि आधुनिक काळांत हें काम बहुतांशीं वृत्तपत्राच्या बातमीदाराकडे आलें आहे. तोहि दूर ठेविला गेला तर दप्तरांत एकच करीना राहतो.

(३) प्रथम कोतवालांविषयीं थोडी माहिती देणें अवश्य आहे. त्यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजीं माथेरान येथें नाभिक कुटुंबांत झाला. त्यांनीं कायद्याची पदवी घेतली होती व माथेरान नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष होते. कर्जत-माथेरानच्या टापूंत गरिबांच्या मुलांसाठीं शाळा व अडल्या शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठ्या काढण्याचें त्यांचें काम सर्वश्रुत आहे. ऑगस्ट १९४२ च्या चळवळींत ते भूमिगत झाले व त्यांनीं ‘आझाद दस्ता’ उभा केला. मुंबईकडे वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडणें हा या दस्त्याचा मुख्य उद्योग होता. पुढें पोलिसांचा तपास जवळ येऊं लागला तेव्हां ही मंडळी सिद्धगडच्या रानांत गेली, आणि तेथेंच २ जानेवारीस त्यांच्यावर छापा पडला. मृत्युसमयीं कोतवालांचें वय अवघें तीस वर्षांचें होतें.

या टापूंतील परंपरा अशी आहे कीं, कोतवाल प्रथम गोळी लागून जखमी झाले, व ते पडले असतां त्यांच्यावर जवळून पुन्हां गोळी झाडण्यांत आली. ही परंपरा आहे. ती समकालीन लेखी पुराव्याच्या जागीं आपण घालूं शकत नाहीं. पण परंपरा म्हणून ती टाकूनहि देतां येत नाहीं. कारण तिनें उपस्थित केलेला प्रश्न कायद्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा आहे.

(४) त्या वेळीं १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता चालू होती. तिच्या ४६ व्या कलमानें अटक करणाऱ्या अधिकाऱ्यास, आरोपी बळानें विरोध करील किंवा निसटूं पाहील तर, अटकेसाठीं अवश्य तीं सर्व साधनें वापरण्याची मुभा दिली होती. परंतु त्याच कलमांत पुढें मर्यादाहि घातली होती : ज्याच्यावर देहांताची किंवा जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप नाहीं, त्याचा प्राण घेण्याचा अधिकार या कलमानें मिळत नाहीं. भारतीय दंडसंहितेनें आत्मसंरक्षणाचा हक्क पोलिसासहि दिला आहे. पण ९९ व्या कलमाप्रमाणें तो हक्क संरक्षणास अवश्य तेवढीच इजा करण्यापुरता आहे.

आतां सिद्धगडच्या प्रसंगास हे नियम लावून पाहावे. चकमक चालू असतां, समोरून शस्त्र रोखलेलें असतां, गोळी लागून मनुष्य मेला असेल, तर अधिकाऱ्याची बाजू एक प्रकारची होते. जखमी होऊन पडलेला, विरोध करूं न शकणारा मनुष्य मारला गेला असेल, तर ‘अटकेसाठीं अवश्य’ हे शब्द त्यास लागू पडत नाहींत, मग त्याच्यावरील आरोप कितीहि मोठा असो. दोन्ही हकीकतींत मेलेला मनुष्य तोच, गोळी तीच, दिवस तोच. पण एकींत कायद्याचा अंमल आहे व दुसरींत कायद्याचा भंग आहे. हा भेद ठरविण्यास पंचनामा, शवतपासणीचा कागद, जखमांचें अंतर व दिशा, आणि पाहणाऱ्यांचे जबाब यांवांचून गत्यंतर नाहीं. म्हणजे नागरिकाच्या प्राणाचें रक्षण शेवटीं कागदावर येऊन ठेपतें.

जमाव पांगविण्याचे नियम याच संहितेच्या १२७ ते १३२ या कलमांत होते. जमावास प्रथम पांगण्याचा हुकूम द्यावा, न ऐकल्यास बळ वापरावें, लष्कर बोलाविलें तर त्यानें शक्य तितकें कमी बळ वापरावें व शक्य तितकी कमी इजा करावी, असा त्यांचा आशय आहे. परंतु १३२ व्या कलमानें असेंहि ठरविलें होतें कीं, या प्रकरणाखालीं केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या मंजुरीवांचून खटला चालविण्यांत येऊं नये. म्हणजे अतिरेक झाला असें फिर्यादीचें म्हणणें असलें, तरी न्यायालयाचें दार उघडण्याची किल्ली दुसऱ्या पक्षाच्याच कनवटीस राहिली.

(५) आतां वृत्तपत्रांकडे वळूं. १९३१ च्या वृत्तपत्रविषयक कायद्यानें छापखान्याकडून जामीन मागण्याचा व तो जप्त करण्याचा अधिकार सरकारास दिलेलाच होता. अधिकृत परवानगीवांचून काढलेलीं बातमीपत्रें वांटणें हाहि त्या कायद्यानें गुन्हा होता. युद्ध सुरू झाल्यावर १९३९ चे हिंदुस्थान संरक्षण नियम आले. ता. ८ ऑगस्ट १९४२ च्या हुकुमानें हिंदुस्थान सरकारनें असें ठरविलें कीं, सार्वत्रिक चळवळीसंबंधींच्या बातम्या सरकारी मार्गानें, ठराविक वृत्तसंस्थांकडून, किंवा जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे ज्याचें नांव नोंदलेलें आहे अशा बातमीदाराकडूनच घेतलेल्या असाव्यात. इतर कोणत्याहि बातम्या छापूं नयेत. त्याच महिन्यांत ‘हरिजन’ पत्र बंद पाडण्यांत आलें. संपादकांच्या विरोधामुळें पुढें या बंधनांचें स्वरूप कांहीं अंशीं बदललें, पण अंकुश कायम राहिला.

या हुकुमाचा अर्थ मुरबाडसारख्या तालुक्यांत काय होतो, हें सहज ध्यानांत येईल. मुंबईंत संपादक बसतो, त्याच्याशीं सरकारास निदान बोलावें लागतें. म्हसा, नारिवली किंवा शहापूरच्या रानांतील वाडीवर जें घडतें तें कळविणारा मनुष्य बहुधा शाळामास्तर, वकील किंवा चळवळींतला कार्यकर्ता असावयाचा. त्याचें नांव मॅजिस्ट्रेटच्या यादींत नसावयाचें, आणि नांव नोंदवावयाचें तें ज्या अधिकाऱ्याच्या हाताखालील पोलिसांविषयीं लिहावयाचें त्याच्याच कचेरींत. अशा व्यवस्थेंत खेड्यांतील साक्षीदार बंदी न घालतांच मुका होतो.

(६) सिद्धगडच्या वेळीं वृत्तपत्रसृष्टींत काय चाललें होतें, हें तारखांवरून पाहण्यासारखें आहे. ता. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं चांदा (आतां चंद्रपूर) जिल्ह्यांतील चिमूर येथें मिरवणुकीवर गोळीबार झाला. क्षुब्ध जमावाच्या हातून सरकारी अधिकारी व पोलिस मारले गेले. नंतर तेथें लष्कर आलें, व गांवांतील स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर आल्या. त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या आश्रमांतील प्रा. भणसाळी यांनीं नोव्हेंबरांत उपोषण आरंभिलें. सरकारनें चौकशी तर केली नाहींच, उलट उपोषणाची बातमी छापण्यासहि बंदी केली. त्यावर अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेनें ठराव केला. नववर्षाच्या पदव्यांची सरकारी यादी न छापण्याचें ठरलें, आणि ता. ६ जानेवारी १९४३ रोजीं देशांतील अनेक वृत्तपत्रांनीं निषेधार्थ अंकच काढले नाहींत. ता. १२ रोजीं, त्रेसष्ट दिवसांनीं, उपोषण सुटलें व बातमीवरील बंदीहि उठली.

म्हणजे क्रम असा लागतो. ता. २ जानेवारीस सिद्धगडास गोळीबार, ता. ६ रोजीं वृत्तपत्रांचा हरताळ, ता. १२ रोजीं बंदीची समाप्ति, आणि ता. २१ रोजीं पौषी पौर्णिमा, म्हणजे म्हशाच्या यात्रेचा दिवस. छापील बातमीवर पहारा असला म्हणजे बातमी बाजारांत, यात्रेंत, पाणवठ्यावर कानोकानीं फिरते, हा सार्वकालिक अनुभव आहे. सिद्धगडची हकीकत आज जी परंपरारूपानें आढळते, तिची घडण अशाच काळांत झाली. पुष्कळ विद्वान् तोंडी परंपरेंतील विसंगति दाखवून ती अविश्वसनीय ठरवितात. परंतु लेखी साक्ष कोणीं निर्माण होऊं दिली नाहीं, हें विसरून तोंडी साक्षीस दोष देणें न्यायाचें होणार नाहीं.

त्याच वर्षींच्या एप्रिलांत आणखी एक गोष्ट घडली. मुंबई इलाख्यांतील स्थानबद्ध केशव तळपदे यांच्या प्रकरणांत फेडरल कोर्टानें ता. २२ एप्रिल १९४३ रोजीं निकाल दिला कीं, चौकशीवांचून स्थानबद्ध करण्याचा २६ वा संरक्षण नियम मूळ कायद्यानें दिलेल्या अधिकाराबाहेरचा आहे. सरकारनें कांहीं दिवसांतच वटहुकूम काढून मूळ कायद्यांत तो अधिकार घातला. निकाल निष्फळ झाला असें वरवर दिसतें; पण तो लिहिलेला राहिला, त्यामुळें सरकारास आपली कृतीहि लिहून करावी लागली. सिद्धगडच्या मृत्यूंस असें कोर्ट लाभलें नाहीं.

(७) येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, तो काळ महायुद्धाचा होता, जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आलें होतें, आणि कोतवाल हे कांहीं निःशस्त्र निदर्शक नव्हते. विजेचे मनोरे पाडणाऱ्यांवर सरकारनें फुलें उधळावींत काय? आक्षेपांत तथ्य आहे, व तें लपविणें संशोधकास शोभणार नाहीं. सरकारास त्यांना पकडण्याचा व कोर्टापुढें उभें करण्याचा अधिकार होता. पण कोर्टापुढें उभें करण्याचा अधिकार आणि रानांत प्राण घेण्याचा अधिकार हे दोन निराळे आहेत, व हा निराळेपणा कोणा चळवळ्यानें काढलेला नसून सरकारच्याच संहितेंत लिहिलेला आहे. शिवाय युद्धाची सबब जेथें लागू नाहीं, अशीं उदाहरणेंहि याच जिल्ह्यांत आहेत.

महायुद्ध संपल्यावर दोनच महिन्यांनीं, ता. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं, तत्कालीन ठाणें जिल्ह्यांतील तलासरीजवळ तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत जेठ्या गांगड यांच्यासह पांच आदिवासी मेले. वेठ व लग्नगडी पद्धतीविरुद्ध किसान सभेच्या नेतृत्वाखालीं हे लोक त्या वर्षीं उठले होते. जमीनदारांचा पक्ष व पोलिस म्हणत कीं जमाव हल्ल्यासाठीं आला होता. वारल्यांचें म्हणणें असें कीं, आपल्या नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या जिवास धोका असल्याची खोटी हूल उठवून आपणांस तेथें जमविण्यांत आलें. येथें सुदैवानें दुसरा करीना लिहिला गेला : परुळेकरबाईंचा ‘जेव्हां माणूस जागा होतो’ हा ग्रंथ. पण तो प्रसिद्ध झाला १९७० सालीं, म्हणजे गोळीबारानंतर पंचवीस वर्षांनीं. लिहितां-वाचतां न येणाऱ्या प्रजेचा करीना लिहिण्यास कोणी लिहिणारें मनुष्य त्यांच्यांत जाऊन राहावें लागलें, व मध्यें पाव शतक जावें लागलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तलासरीचा तो भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतो.

(८) संग्राहकांनीं या बाबतींत काय करावें, याविषयीं कांहीं सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली : मुरबाड, शहापूर, कर्जत या बाजूंच्या जुन्या घरांतून सनदा व वतनपत्रें शोधतांना १९३० ते १९५० या काळचे कागद ‘अर्वाचीन’ म्हणून बाजूस टाकूं नयेत. पोलिस पाटलांच्या घरचीं टिपणें, जन्ममृत्यूच्या नोंदी, पंचनाम्यांच्या नकला, समन्स, जप्तीच्या पावत्या, तुरुंगांतून आलेलीं पत्रें हे सर्व त्या दुसऱ्या करीन्याचे तुकडे आहेत.

दुसरी : १९४२ च्या भूमिगत पत्रकांवर मुद्रकाचें नांव व छापखान्याचें ठिकाण नसतें. १८६७ च्या कायद्यानें तें देणें सक्तीचें होतें, म्हणूनच तें गाळलेलें आहे. तेव्हां नांव नाहीं म्हणून पत्रक बनावट ठरत नाहीं. तसेंच नांव नाहीं एवढ्यावरून तें अस्सलहि ठरत नाहीं. कागदाची जात, छापण्याची रीत, कोणाच्या घरीं व कोणत्या कागदांबरोबर मिळालें, याची नोंद मिळाल्या दिवशींच करून ठेवावी.

तिसरी : सरकारी प्रसिद्धिपत्रक व भूमिगत पत्रक हीं दोन्ही एकाच पुडक्यांत ठेवावींत. आपणांस जें पटत नाहीं तें फेकून देणारा संग्राहक, ज्या सरकारचा तो निषेध करितो त्याचेंच काम पुरें करितो.

चौथी : वृद्धांच्या तोंडून हकीकत घेतांना सांगणारानें स्वतः काय पाहिलें व काय ऐकलें, हें वेगळें लिहावें. पोवाडे व गीतें यांवरून लोकांनीं प्रसंग कसा आठवला हें कळतें. कोण कोठें उभा होता हें त्यांवरून ठरवूं नये.

पांचवी : मृतांची संख्या प्रत्येक कागदांत जशी असेल तशी उतरावी, दुरुस्त करूं नये. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत ता. २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं मुंबईंत फ्लोरा फाउंटनपाशीं गोळीबार झाला, व त्या लढ्यांतील हुतात्म्यांचा १०५ हा आंकडा लोकांच्या तोंडीं बसला. पुढील कागदांत १०६ व १०७ हेहि आढळतात. अशा प्रत्येक वाढलेल्या एकामागें एक घर असतें, व त्या घरास आपला मनुष्य यादींत यावा म्हणून खटपट करावी लागलेली असते.

(९) ज्या काळाविषयीं वर लिहिलें, त्यानंतर राज्य बदललें व राज्यघटना आली. १९५० पासून भाषणाचें व शांततेनें जमण्याचें स्वातंत्र्य १९ व्या अनुच्छेदांत, आणि जीविताचें संरक्षण २१ व्या अनुच्छेदांत आहे. परंतु बळ वापरण्याचे नियम बव्हंशीं जुनेच राहिले. १८९८ च्या संहितेची जागा १९७३ च्या संहितेनें घेतली, व ता. १ जुलै २०२४ पासून ‘भारतीय नागरिक सुरक्षा संहिता’ लागू आहे. तिच्या ४३ व्या कलमांत अटकेच्या वेळच्या बळाची तीच मर्यादा आहे, १४८ ते १५१ या कलमांत जमाव पांगविण्याचे तेच नियम आहेत, आणि सरकारच्या मंजुरीची ती जुनी किल्लीहि १५१ व्या कलमांत आहे. वाचकांनीं तीं कलमें जुन्या संहितेशेजारीं ठेवून पाहावींत. जुन्या मोडी कागदाची नवी नक्कल वाचल्याचा भास होईल.

एक गोष्ट मात्र नवी आहे. मुंबईतील पोलिस चकमकींवरून निघालेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ता. २३ सप्टेंबर २०१४ रोजीं सोळा नियम घालून दिले. पोलिसांच्या गोळीनें मनुष्य मेला तर गुन्ह्याची नोंद झालीच पाहिजे, तपास त्या तुकडीकडे न राहतां स्वतंत्र यंत्रणेकडे गेला पाहिजे, आणि मॅजिस्ट्रेटची चौकशी झाली पाहिजे, हा त्यांतील मुख्य भाग. नियमांची भाषा आजची आहे. तत्त्व आपल्या गोतसभेस ठाऊक होतें. एका वाद्यानेंच दोन्ही करीने लिहूं नयेत, हें तें तत्त्व. नियम कितपत पाळले जातात, हें पाहण्यास पुन्हां तो तिसरा साक्षीदार लागतो. म्हणून निदर्शकांवर लाठी चालत असतां बातमीदाराचा कॅमेरा हिसकावला जातो किंवा त्यास मारहाण होते, तेव्हां ती एका व्यक्तीपुरती आगळीक राहत नाहीं. त्या प्रसंगाच्या भावी दप्तरांतून एक पुडकें त्याच क्षणीं नाहींसें केलेलें असतें.

(१०) दरवर्षीं २ जानेवारीस सिद्धगडच्या पायथ्याशीं स्मारकापाशीं लोक जमतात. कोतवाल व हिराजी पाटील यांचीं नांवें त्यामुळें टिकलीं. परंतु स्मारक हें आदराचें साधन आहे. त्यावरून त्या पहाटेचा निवाडा होत नाहीं. निवाड्यास कागद पाहिजेत, व ते अद्यापि माळ्यांवर, पेट्यांत, देवघरांच्या कोनाड्यांत असण्याचा संभव आहे. या टापूंत हिंडणाऱ्या संग्राहकांनीं पौषी पौर्णिमेच्या सुमारास म्हशास जावें, यात्रेस आलेल्या गांवोगांवच्या मंडळींशीं बोलावें, आणि जुन्या सनदेबरोबर घरांत बेचाळीस सालचा एखादा फाटका कागद आहे काय, हेंहि विचारावें. असा एकेक कागद मिळेल तसा सिद्धगडच्या प्रकरणांतील दुसरा करीना पुरा होत जाईल.